गवळ्याच्या घरी कॅल्शियम कमी

ओठांभोवती मुंग्या येतात, हाताची बोटं आपोआप आखडतात आणि घरचे म्हणतात, "झोपेत हात अंगाखाली आला असंल." ज्यांच्या घरी असं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. गवळ्याचा मुलगा आहे आणि टायपिंगच्या क्लासात शिकवतो. आजाराची शास्त्रशुद्ध माहिती तुम्हाला डॉक्टर देतीलच. मला सांगायचंय ते लाजेबद्दल, कारण या दुखण्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते तिनंच. हातपाय आखडायचे आणि थोड्या वेळानं सुटायचे. लाज काही सुटायची नाही.

पहिला ग्लास घरचा

आमचं घर शिवाजी पेठेत. दारात म्हशी. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचे. कोल्हापूरकराला कट्टा समजावून सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळलेलं कोमट दूध ग्लासात भरून तिथंच त्याच्या हातात द्यायचं. पाणी घालायची सोयच नाही. तरीही संशय घेणारे घ्यायचेच, कारण काही गवळी म्हशीला पान्हा फुटावा म्हणून हार्मोनचं इंजेक्शन टोचत. आप्पांना त्याचा भयंकर तिटकारा. ते रेडकू सोडायचे, रेडकू कासेला ढुशा मारायचं, म्हैस पान्हा सोडायची आणि मगच आप्पा धारेला बसायचे. आणि गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून आमच्या घरची एक रीत होती. पहिला ग्लास घरच्या माणसानं सगळ्यांसमोर प्यायचा. ते घरचं माणूस म्हणजे मी.

मी बुटका, तोंडानं गोल गरगरीत. पेठेत मला लोण्या म्हणत. आप्पा माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "बघा की पावणं, दूध कुठं लागलंय त्ये!" लोक हसायचे, मीही हसायचो. तो गोल चेहरा आणि ती खुजी उंची हे दुधाचं तेज नसून आजाराची खूण आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढं जेव्हा कळलं, तेव्हा आप्पांनी कित्येक वर्षं माझ्या दुखण्याचीच जाहिरात केली होती हेही कळलं.

कट्ट्यावर पडलो

बोटांना मुंग्या शाळेत असल्यापासून यायच्या. टायपिंगच्या क्लासात लागलो तेव्हा त्या वाढल्या. मुलींच्या बॅचसमोर एकदा माझी बोटं मशीनवरच वाकडी होऊन बसली. "सर, तेल घालायचं काय मशीनला?" असं एकीनं विचारलं आणि अख्खी बॅच फिदीफिदी हसली. मी हात खिशात घालून बाहेर गेलो.

मग एका संध्याकाळी कट्ट्यावर पहिला ग्लास घेतला आणि बोटं त्याच्याभोवती आवळली ती सुटेनातच. ओठ बधिर झाले. दूध सदऱ्यावर सांडलं एवढं आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल होती. फिट आलेल्याला चप्पल हुंगवायची, आणि आमच्या गावात चपलेला काय तोटा! पण तेव्हा मला हसू आलं नव्हतं. माझी विजार ओली झाली होती आणि भोवती सगळी ओळखीची माणसं होती. त्यात मी शिकवत होतो तिथल्या एका मुलीचे वडीलही होते. त्या क्षणी पुन्हा शुद्ध हरपली असती तर बरं, असं मला वाटलं.

"ऊन लागलं पोराला," आप्पा सगळ्यांना सांगत होते. दिवेलागणीची वेळ होती.

त्यानंतर फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात एकच हुकूम, बाहेर बोलायचं नाही. झटके थांबले नाहीत, नुसती झोप वाढली. पण लोकांची तोंडं कोण धरणार? पेठेत हळूहळू बोललं जाऊ लागलं, "गवळी म्हशीला सुई टोचत असणार. पयला ग्लास पोरगंच पितंय न्हवं रोज? त्येलाच बाधलं की." आप्पांच्या कानावर हे आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत गोठ्यात बसून राहिले. मी आतल्या खोलीत. माझ्या अंगानं माझ्या बापाचं नाव घालवलं, हेच माझ्या डोक्यात.

बांगडी भरताना धरतात तसा हात

अव्वा मला तापासाठी एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. अव्वा म्हणजे माझी आई. ती गडहिंग्लजकडची, माहेरी बोलणं निम्मं कानडी, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणतो. बाईंनी रक्तदाब बघायला दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि तापाचं बोलता बोलता त्या थांबल्या. माझा हात आपोआप वळत होता. अंगठा आत, बोटं सरळ आणि एकमेकांना चिकटलेली. कासाराकडे बांगड्या भरताना बायका हात धरतात अगदी तसा. मी तो दुसऱ्या हातानं दाबून झाकायला गेलो.

"झाकू नका," बाई म्हणाल्या. "मला तोच बघायचाय."

इतक्या वर्षांत माझा हात बघायचाय असं म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं. मला रडू फुटलं. बाईंना वाटलं, पट्टा घट्ट झालाय.

रक्त तपासलं. कॅल्शियम फार कमी निघालं. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि रक्ताचा आणखी एक नमुना मुंबईला पाठवला. त्याचा रिपोर्ट आल्यावर पुढचं ठरवू, तोवर गोळ्या चुकवू नका, असं बजावलं.

घरी आल्यावर आप्पांनी ऐकलं आणि ते अंगणातच उभे राहिले. "कॅल्शियम कमी? गवळ्याच्या पोराला? हळू बोल की, भिंतीला कान असत्यात." त्यांना माझ्या आजाराची काळजी वाटत होती, नाही असं नाही. पण अपमान काळजीच्या पुढं धावत होता. हलवायाच्या घरात साखर नसावी तसं झालं होतं ते. "गोळ्या कशाला पायजेत? गोठा भरलाय घरात," ते म्हणाले, आणि गोळ्यांची पुडी कोनाड्यात गेली. डॉक्टरीणबाईंना दुधाचं आम्ही विचारलंही नाही. गवळ्यानं दुधाबद्दल डॉक्टरला काय विचारायचं? मग सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर, संध्याकाळी कट्ट्यावर आहेच. मीही पीत राहिलो. दूध प्यायलो की आप्पांचा चेहरा उजळायचा, आणि त्यांचा चेहरा उजळण्यासारखं माझ्या हातात दुसरं काही नव्हतंच.

पंधरवडाही गेला नसेल, क्लासातच मी मशीनवर कोसळलो. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात.

वॉर्डात

दवाखान्याचे दिवस सगळे एकसारखे असतात. पहाटे फिनेलचा वास, मग सुई, मग चहा, मग राउंड. शिरेतून कॅल्शियम देताना नर्स छातीला लावलेल्या मशीनकडे बघत अगदी सावकाश औषध सोडायची. अंगातून गरम वाफ फिरल्यासारखं व्हायचं आणि आवळलेली बोटं एकेक करून उघडायची. तो सुटकेचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तुमच्यावर ती पाळी आली तर घाबरू नका. उष्ण वाटतं, मग बरं वाटतं.

डोक्याचा फोटो काढला त्यात चुन्याचे ठिपके दिसले. रक्तात कॅल्शियम नाही आणि डोक्यात साचलेलं. शिकाऊ डॉक्टरांना ही गंमत वाटत असावी. रोज चारपाच जण यायचे. "मूठ वळा." मूठ वळली की करंगळीशेजारच्या बोटाचं हाड मागं वर यायला हवं, तिथं माझ्या हाताला खळगा पडतो. ते बोट मुळातच आखूड आहे. सगळे वाकून तो खळगा बघायचे, एखादा बोटानं चाचपायचा. मी भिंतीकडे तोंड करायचो. शेजारच्या खाटेवर मलकापूरकडचे एक म्हातारे होते, पोटाच्या ऑपरेशनला आलेले. एकदा ते त्या पोरांवर खेकसले, "अरं, बाजारात बैल बघितल्यागत काय बघताय? त्याला इचारा तरी, बघू का म्हणून!" त्यानंतर शिकाऊ डॉक्टर आधी विचारायला लागले. एवढ्यानंही मला पुष्कळ बरं वाटलं.

आप्पा रोज सकाळी दुधाची किटली घेऊन यायचे. मला पाजायचे, उरलेलं वॉर्डात वाटायचे. "घ्या पावणं, घरचं हाय." वॉर्डात आमचा मान वाढला होता. मुंबईचा रिपोर्ट घेऊन बाई आल्या तेव्हा माझ्या ओठांवर साय होती.

"हे कधीपासून?" किटलीकडे बघत त्यांनी विचारलं. आप्पांनी अभिमानानं सगळं सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं. बाई खाटेच्या कडेवर बसल्या.

हार्मोन

"गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात," बाई म्हणाल्या. "त्यांचं हार्मोन रक्तातलं कॅल्शियम सांभाळतं. तुमच्या मुलात ते कमी असेल असं मला वाटलं होतं. पण रिपोर्टमध्ये उलट आहे. हार्मोन भरपूर आहे, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. शरीर त्याला दादच देत नाही."

आप्पांनी फक्त एक शब्द ऐकला. ते उठून उभे राहिले. "हार्मोन? म्हंजी म्हशीला टोचत्यात त्ये? बाई, माज्या बापजन्मात मी जनावराला सुई लावलेली न्हाय!"

"तसं नाही हो. हार्मोन प्रत्येकाच्या अंगात असतात. तुमच्याही."

"माज्या न्हाईत."

म्हातारे मलकापूरकर पोटाचे टाके धरून हसले. बाईसुद्धा हसल्या, मग त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी रेडकू हाय. ढुशाबी मारतंय. पर म्हस पान्हा सोडंना."

"अगदी तसंच. आणि पान्हा सुटत नाही म्हणून रेडकू आणखी जोरात ढुशा मारतंय. रिपोर्टमध्ये दिसतात त्या ढुशा."

"आन् तुमास्नी वाटलं हुतं, रेडकूच मेलंय."

"हो, मी तेच समजत होते," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी उपाय सांगितला. कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर, शिवाय ड जीवनसत्त्वाची एक खास कॅप्सूल, दोन्ही जन्मभर. नेमानं रक्त तपासायचं. फिटच्या गोळ्या त्या स्वतः हळूहळू कमी करणार होत्या. "आणि दूध बंद. दुधातून फॉस्फरस जातो, तो यांच्या रक्तात आधीच फार आहे."

आप्पांनी किटलीचं झाकण लावलं. 

अव्वाची मूठ

दुसऱ्या दिवशी बाईंनी अव्वाला बोलावलं आणि मूठ वळायला सांगितली. अव्वानं उजव्या हाताची वळली. ती मूठ चांगली होती. "आता डावी," बाई म्हणाल्या. डावा हात पदराखाली होता. अव्वा तो नेहमीच तिथं ठेवायची, मला वाटायचं तिची बसायची पद्धतच आहे. तिनं आप्पांकडे बघितलं, मग हात बाहेर काढला आणि मूठ वळली. माझ्यासारखाच खळगा.

तिचंही रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. बाईंनी समजावलं की अव्वाकडे नुसती खूण आहे, आजार नाही. तिच्याकडून तो माझ्यात उतरला, आणि उतरताना पुरा होऊन उतरला. हे जन्मजात असतं, यात कुणाचा दोष नसतो, असंही त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. अव्वानं दोषाचं वाक्य ऐकलंच नाही.

"तरी म्हटलं," आप्पा जिन्यात म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं काय न्हवतं."

ते तिला लागावं म्हणून बोलले नव्हते. पण लागलं. अव्वा त्या रात्री माझ्या उशाशी बसली होती, पदराखालचा हात पोटाशी धरून. "यव्वा," ती स्वतःशीच म्हणाली, "मला काय न्हाय झालं, आन् माज्या लेकराला दिलं." मी म्हटलं, अव्वा, तू काय मुद्दाम दिलंस? तिनं माझं अंथरूण सारखं केलं. लाजेचं ओझं माझ्यावरून उतरून तिच्या खांद्यावर जाताना मला दिसत होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. त्याचीही लाजच वाटली.

उपास, पोट आणि दात

घरी आलो. गोळ्या लागू पडल्या. मुंग्या कमी झाल्या, बोटं मशीनवर नीट चालायला लागली. अंगाचं निभावलं. पण कट्टा होता ना!

पहिला ग्लास मी पीत नव्हतो. पहिल्या संध्याकाळी आप्पा म्हणाले, "सोमवार हाय, निर्जळी उपास हाय त्याचा." मग पोट बिघडलं. मग दात दुखायला लागला. आप्पा स्वतः ग्लास तोंडाला लावू लागले. खरं सांगायची तर चोरी, कारण खरं सांगायचं म्हणजे 'पोराच्या अंगात हार्मोन जास्त झालंय' असं सांगायचं. तो शब्द कट्ट्यावर उच्चारला की संपलंच. म्हशीला सुई टोचल्याची कबुलीच झाली असती ती. आम्हाला आजाराचं नाव सापडलं होतं आणि ते तोंडातून काढता येत नव्हतं.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे वस्ताद, जवळच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे. त्यांचे सगळे पैलवान आमच्याकडेच दूध प्यायचे. वस्ताद कट्टा बदलतील त्या दिवशी आमचा कट्टा उठेल, हे आप्पा जाणून होते. एका संध्याकाळी वस्तादांनी ग्लास हातात घेतलाच नाही.

"आप्पा, तुमी पिताय त्ये बघून मी काय करू? तुमी इकणारं. रोज पोरगं पीत हुतं, आता त्येचं दात दुखाय लागलं. माजी पोरं हाईत ही. लोकांची पोरं. त्यास्नी काय झालं तर मी त्यांच्या आयाबापास्नी काय सांगू?"

 आप्पा तांब्या हातात तसाच धरून उभे. पैलवान पोरं माझ्याकडे बघत होती, आणि मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतो. एक ग्लास पिऊन टाकावा, काय व्हायचं ते होऊ दे, असं मनात आलं. मी हात पुढं केलाही.

"तू नको पिऊ." मागून आवाज आला. अव्वा.

ती आयुष्यात कधी कट्ट्यावर आली नव्हती. बायका येतच नसत. वैरणीचं काही राहिलं म्हणून आली होती की मुद्दाम, मला आजही माहीत नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत ती गड्यांच्या घोळक्यातून पुढं आली, आप्पांच्या समोर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. डावा.

"भरा की," ती आप्पांना म्हणाली. "मीबी घरचंच माणूस हाय न्हवं?"

आप्पांनी ग्लास भरला. ती सगळ्यांसमोर प्याली, शेवटपर्यंत. मग वस्तादांकडे वळली.

"दुधात काय न्हाय, दादा. पोराला दूध सोसत न्हाय. जन्माचं दुखणं हाय त्येला, माज्याकडनं आलंय." तिनं रिकाम्या ग्लासासकट मूठ वर केली. "ह्ये बघा. माजंबी बोट तसलंच हाय. आमच्या म्हशीचा काय दोष न्हाय. माजा हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या वरच्या ओठावर फेस होता आणि सगळी माणसं तिच्या हाताकडेच बघतायत असं मला भासत होतं. तिला झाकावं, घरी न्यावं, असं वाटत होतं. वस्तादांनी एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"दोष कशाला म्हंताय, वैनी," ते म्हणाले. "आदी सांगायचं की असं." आणि त्यांनी ग्लास घेतला.

आप्पा परत धारेला बसले. डोळे पुसायला त्यांना खांद्यावरचा टॉवेल पुरत नव्हता. म्हैस मात्र निवांत उभी होती.

पुढं वर्षभर पहिला ग्लास अव्वानंच घेतला. ती येते म्हणून पेठेतल्या आणखी दोघीतिघी यायला लागल्या. माझ्या गोळ्या आजही चालू आहेत, रक्त तपासतो, क्लास चालू आहे. कुणी विचारलं की सांगतो. सांगताना अजूनही कान गरम होतात, पण सांगतो.

अव्वा पहिल्यांदा कट्ट्यावर आली त्या संध्याकाळी मी आणि ती आप्पांच्या पुढं घरी निघालो होतो. ती हात पदराखाली घ्यायचं विसरली होती. तालमीपाशी आल्यावर तिनं हात वर करून दिव्याच्या उजेडात धरला, उलटासुलटा करून बघितला.

"इतकी वर्सं झाकून ठेवला रं," ती म्हणाली. "आन् दावला तवा बघितला एकट्या वस्तादानं. त्येबी एकदाच."